परलोकविद्येची जुनी मासिकं: बडोद्यात राहून संग्रह कसा करावा

गेल्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांतली गूढविद्या, परलोकविद्या (मृतात्म्यांशी संपर्काची विद्या), थिऑसॉफी (सगळ्या धर्मांमागे एकच गूढ ज्ञान आहे असं मानणारी चळवळ), मेस्मेरिझम (संमोहन) यांची मासिकं जमवायची असतील तर सुटा अंक आधी घ्यावा, बांधीव खंडाचं नंतर बघावं. यातल्या बऱ्याच मासिकांचा मजकूर आज घरबसल्या फुकट वाचता येतो. आयएपीएसओपी ही संस्था जगभरच्या अशा नियतकालिकांचे स्कॅन जमवून इंटरनेटवर खुले ठेवते. इंटरनेट आर्काइव्हवरही पुष्कळ सापडतात. पण हे स्कॅन बहुधा ग्रंथालयांतल्या बांधीव खंडांवरून झालेले असतात, आणि खंड शिवताना त्या काळच्या बाइंडरांनी मुखपृष्ठं, मलपृष्ठं, जाहिरातींची पानं, वर्गणीच्या सूचना, कधीकधी पुरवण्यासुद्धा काढून टाकल्या. लेख तेवढे राहिले. अंकाला किती पैसे पडत, तो कुठे छापला जाई, बडोद्यात तो कुणाच्या नावाने टपालाने येई, त्यात स्फटिकगोलाची आणि टपालाने शिकवायच्या संमोहनाच्या धड्यांची जाहिरात कोण करी, हे सगळं त्या फेकलेल्या पानांवर होतं. संग्राहकाने जपायचं ते हे.

आणि त्यासाठी बडोदं चांगली जागा आहे.

बडोद्यात काय सापडू शकतं

सयाजीराव महाराजांची कारकीर्द १८७५ ते १९३९. राज्याच्या नोकरीत आलेले मराठी न्यायाधीश, प्राध्यापक, डॉक्टर, कारकून इंग्रजी वाचणारे होते आणि मासिकांची वर्गणी भरणारे होते. थिऑसॉफिकल सोसायटीचे संस्थापक मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट १८८२ साली बडोद्याला आले, तेव्हा इथले न्यायाधीश जनार्दन सखाराम गाडगीळ हे सोसायटीचे सभासद होते. अरविंद घोष १८९३ ते १९०६ बडोद्यात होते. त्यांचे धाकटे भाऊ बारींद्र यांनी याच गावात प्लँचेटचे आणि आपोआप लिहिण्याचे प्रयोग केले. सुरतेची काँग्रेस उधळल्यावर अरविंद परत बडोद्याला आले, योगी विष्णु भास्कर लेले ग्वाल्हेरहून इथे आले, आणि मजुमदारांच्या वाड्यात तीन दिवस दोघे ध्यानाला बसले. ही माणसं जे वाचत होती तेच दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा इथल्या घराघरांत वाचलं जात होतं.

त्यात ग्रंथालयांची चळवळ आली. विल्यम बॉर्डन हे अमेरिकन ग्रंथपाल १९१० साली महाराजांनी बोलावून घेतले. मांडवीजवळचं मध्यवर्ती ग्रंथालय आणि गावोगावची वाचनालयं ही त्या चळवळीची फळं. लोखंडी मांडण्यांचा आणि काचेच्या जमिनींचा तो ग्रंथसाठा पाहिला नसेल तर आधी जाऊन पाहा. पुस्तकांना वारा आणि उजेड कसा मिळाला पाहिजे हे तिथे उभं राहिलं की कळतं, आणि घरचं कपाट कुठे ठेवायचं नाही तेही.

आधी कुंपण घाला

जे दिसेल ते घेणारा संग्राहक तीन-चार वर्षांत दमतो. कुंपण तीन तऱ्हांनी घालता येतं: एकच मासिक, एकच विषय, किंवा एकच काळ. नव्याने सुरुवात करणाऱ्याने काळ निवडावा आणि त्यात भारतात छापलेली मासिकं आधी घ्यावीत असं माझं मत आहे. १९०५ ते १९१४ हा तुकडा मला सगळ्यात भरलेला वाटतो. ऑल्कॉट १९०७ च्या फेब्रुवारीत वारले, अॅनी बेझंट सोसायटीच्या अध्यक्ष झाल्या, लंडनला ऑकल्ट रिव्ह्यू निघालं, कलकत्त्याला हिंदू स्पिरिच्युअल मॅगझिन निघालं, कृष्णमूर्तींच्या भोवती ऑर्डर ऑफ द स्टार इन द ईस्ट उभी राहिली, आणि हे सगळं टपालाने आपल्याकडे येत होतं.

मुख्य नावं अशी. द थिऑसॉफिस्ट हे मासिक १८७९ च्या ऑक्टोबरात मुंबईत सुरू झालं आणि १८८२ च्या अखेरीस सोसायटीच्या बिऱ्हाडाबरोबर मद्रासजवळ अड्यारला गेलं. भारतात सर्वांत जास्त भेटणारं हेच. सुरुवातीचे खंड मोठ्या आकाराचे, दोन रकान्यांचे आहेत, पुढचे लहान. त्याच्या भावंडांत अड्यार बुलेटिन, काशीहून निघणारं थिऑसॉफी इन इंडिया आणि १९१२ पासूनचं हेरल्ड ऑफ द स्टार येतं. हिंदू स्पिरिच्युअल मॅगझिन १९०६ साली अमृत बाजार पत्रिकेचे शिशिरकुमार घोष यांनी काढलं. मृतात्म्यांशी बोलण्याच्या विषयाला भारतीय घरातले अनुभव, भारतीय नावं आणि भारतीय शंका घेऊन भिडणारं ते मासिक आहे. एखादा जरी अंक हाताशी आला तरी सोडू नये. दक्षिणेत तिन्नेवेल्लीहून (आजचं तिरुनेलवेली) लेटंट लाइट कल्चर या संस्थेचं कल्पक हे मासिक निघे. ही मंडळी संमोहन आणि मनःशक्तीचे धडे टपालाने देत, त्यामुळे या मासिकाबरोबर धड्यांच्या सुट्या पुस्तिकाही सापडतात. त्या वेगळ्या काढून टाकू नका.

परदेशी मासिकांत लंडनचं ऑकल्ट रिव्ह्यू हे सगळ्यात उपयोगी. राल्फ शर्ली संपादक, विल्यम रायडर प्रकाशक, सुरुवात १९०५. लाइट हे १८८१ पासूनचं लंडनचं साप्ताहिक. टू वर्ल्ड्स हे १८८७ पासून मँचेस्टरहून निघालेलं, कामगार वस्तीतल्या परलोकवादी मंडळींचं. पत्रकार डब्ल्यू. टी. स्टेड यांचं बॉर्डरलँड १८९३ ते १८९७ एवढंच चाललं. इंग्रज तांत्रिक-गूढवादी अॅलिस्टर क्रॉलीचं इक्विनॉक्स १९०९ ते १९१३ वर्षातून दोनदा निघालं. ते जाडजूड आहे, सगळ्यांना हवं आहे, म्हणून महाग आहे. नव्या माणसाने त्याच्या नादी लागू नये. त्या पैशांत भारतीय मासिकांची दोन कपाटं भरतात.

मराठी-गुजरातीचं काय? निव्वळ या विषयाला वाहिलेलं मासिक शोधत बसलात तर निराशा येईल. आपल्याकडे हा विषय सर्वसाधारण मासिकांतून शिरला. म्हणून मासिक मनोरंजन, विविधज्ञानविस्तार, केरळकोकिळ, चित्रमयजगत यांचे जुने खंड हाती आले की अनुक्रमणिकेवर नजर टाकायची: प्लँचेट, मेस्मेरिझम, पुनर्जन्म, पिशाच्च, योगसिद्धी, मरणोत्तर स्थिती. गुजरातीत मणिलाल नभुभाई द्विवेदींचं सुदर्शन चाळावं. शंकर गणेश दाते यांनी मराठी ग्रंथांची १९३७ पर्यंतची सूची केली आहे. परलोकविद्येवरची मराठी पुस्तकं तिच्यात शोधा, कारण त्यांच्या मलपृष्ठांवर मासिकांच्या जाहिराती असतात. त्या नावांची यादी करा. अशीच एकेक मासिकं उजेडात येतात.

खंड आणि अंक यांचं गणित

मुखपृष्ठ फाटलेलं असतं, तारीख गेलेली असते, पानाच्या डोक्यावर फक्त खंडाचा आकडा उरतो. म्हणून हे गणित पाठ हवं.

थिऑसॉफिस्टचं वर्ष ऑक्टोबर ते सप्टेंबर. खंडाच्या आकड्यात १८७८ मिळवले की तो खंड कोणत्या सालच्या ऑक्टोबरात सुरू झाला ते कळतं. खंड ३० म्हणजे ऑक्टोबर १९०८ ते सप्टेंबर १९०९. म्हणून 'खंड ३०, एप्रिल' असं दिसलं तर साल १९०९ धरायचं. विकणारे इथे हमखास चुकतात, आणि आपल्या यादीत तोच महिना दोन सालांवर चढतो. बेझंटबाईंच्या काळातल्या काही खंडांचे सहा-सहा महिन्यांचे दोन भाग आहेत आणि पृष्ठांक दुसऱ्या भागात पुन्हा एकपासून सुरू होतात. त्यामुळे पान १ दिसलं म्हणजे ऑक्टोबरचाच अंक असं समजू नका.

ऑकल्ट रिव्ह्यूचे वर्षाला दोन खंड. विषम आकडा म्हणजे जानेवारी ते जून, सम आकडा म्हणजे जुलै ते डिसेंबर. पहिला खंड १९०५ च्या पूर्वार्धाचा. खंड १५ असेल तर तो १९१२ च्या पूर्वार्धातला.

मराठी मासिकांवर शक असतो. चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत शकात ७८ मिळवायचे, जानेवारीपासून फाल्गुनापर्यंत ७९. शके १८३० चा श्रावण म्हणजे १९०८, त्याच शकाचा माघ म्हणजे १९०९. गुजराती मासिकांवर विक्रम संवत असतं आणि गुजराती वर्ष कार्तिकात बदलतं: डिसेंबरअखेरपर्यंत ५७ वजा, जानेवारीनंतर ५६ वजा. खरी गफलत इंदूर, ग्वाल्हेर, उज्जैनकडून आलेल्या हिंदी अंकांत होते, कारण तिकडे संवत चैत्रात बदलतं. 'चैत्र, संवत १९६५' असं छापलेला गुजराती अंक १९०९ चा, आणि तसंच छापलेला ग्वाल्हेरकडचा अंक १९०८ चा. अंक कोणत्या गावी छापला हे न बघता साल लिहू नका.

कुठे आणि कसं शोधायचं

बडोद्यात सगळ्यात आधी पस्तीवाले, म्हणजे रद्दीवाले. दिवाळीच्या आधीचे दोन आठवडे आणि वाडा बिल्डरकडे जायच्या आधीचा महिना, हे दोन हंगाम. पस्तीवाल्याला 'गूढविद्येची मासिकं' असं विचारून काही हाती लागत नाही. 'जुनी इंग्रजी चोपडी, मासिकं, दिवाळी अंक, पोथ्या, काहीही आलं तर वजन करण्याआधी बोलवा,' असं सांगून ठेवावं. आणि बोलावलं की जावं, त्या दिवशी आपल्याला हवं ते नसलं तरी. दोनदा बोलावून आपण गेलो नाही की तिसऱ्यांदा फोन येत नाही. दर किलोच्या भावापेक्षा थोडा जास्त द्यावा, पण एकदम खूप जास्त देऊ नये. पुढच्या वेळी प्रत्येक फाटका कागद मौल्यवान होऊन बसतो.

घरं हा दुसरा मार्ग आणि जास्त मोलाचा. तिथे पैशापेक्षा बोलणं लागतं. जुन्या घरातल्या आजी म्हणतात, 'ते आमच्या मामंजींचं प्लँचेटचं सामान आहे, घरात नको म्हणून माळ्यावर टाकलंय.' त्यांना ती मासिकं अशुभ वाटतात, आणि ती भीती थट्टेने उडवून लावायची नसते. 'आजी, मी प्रयोग करत नाही. मला फक्त त्या काळचे लोक काय वाचायचे ते बघायचंय. एकही कागद वाया जाऊ देणार नाही,' एवढं सांगितलं की पुरतं. मामंजी काय करत, सभा कुठे भरत, कोण कोण येत, हे तेव्हाच विचारून घ्यावं आणि आजींची परवानगी घेऊन टिपून ठेवावं. कागद काय, दहा वर्षांनीही हाती येतील.

अहमदाबादचा साबरमतीकाठचा 'रविवारी' हा जुन्या वस्तूंचा बाजार, मुंबईत फोर्टातले पदपथावरचे पुस्तकवाले आणि चोर बाजार, पुण्याचा जुना बाजार, हे बडोद्याहून जाऊन यायच्या टप्प्यातले. थिऑसॉफीच्या अंकांसाठी मुंबईचा फेरा जास्त फळतो. पारशी घरांतून ही मासिकं पुष्कळ गेली आहेत, आणि त्या घरांतले अंक बहुतेक वेळा नीट ठेवलेले असतात.

इंटरनेटवरचे परदेशी विक्रेते शेवटी ठेवा. टपालखर्च आणि जकात धरली की साधा अंकही जड होतो. घ्यायचंच असेल तर पाच गोष्टींचे फोटो मागा: मुखपृष्ठ, मलपृष्ठ, मधली शिवण, शेवटचं छापील पान, आणि सर्वांत वाईट पान. 'सर्वांत वाईट पान' हे शब्द वापराच. प्रामाणिक विक्रेता लगेच पाठवतो.

ग्रंथालयाचा शिक्का असलेला अंक दिसला तर जागीच थांबा. रद्द केल्याचा शिक्का किंवा शेरा आहे का ते बघा. नसेल तर त्या ग्रंथालयाला विचारा. ते चालू असेल आणि अंक त्यांच्या हिशेबात असेल तर तो परत करा, किमतीसकट तोटा सोसून. आपल्यापैकी एकानेही चोरीचा अंक पचवला की पुढच्या दहा अभ्यासकांना वाचनकक्षाची दारं बंद होतात.

हातात घेतल्यावर

अंक उघडण्याआधी वास घ्या. दमट, मातकट वास म्हणजे बुरशी असू शकते. असा अंक वेगळ्या पिशवीत घालायचा, बाकीच्यांत मिसळायचा नाही. मग कणा बघा. त्या काळात बरेच अंक तारेच्या पिनांनी शिवलेले असत. पिना गंजल्या की भोवतीचा कागद तपकिरी होऊन जळल्यासारखा सुटतो. कागदाची ताकद अजमावायला कोपरा दुमडून बघण्याची खोड अनेकांना आहे. तसं केलं की कोपरा तुटून हातात येतो. पान हलकेच उचला आणि ते वाकतं की ताठ राहतं ते बघा. ताठ राहिलं तर कागद ठिसूळ झाला आहे.

नंतर मोजणी. मुखपृष्ठ आहे का, पृष्ठांक सलग आहेत का, चित्रांची वेगळी पानं आहेत का, पुरवणी आहे का. चित्रपानांवर पृष्ठांक नसतो, त्यामुळे गेलेली कळत नाहीत. अनुक्रमणिकेशी ताडून बघा. थिऑसॉफिस्टच्या सुरुवातीच्या वर्षांत पुरवणीचे पृष्ठांक वेगळे असत आणि सोसायटीच्या शाखांच्या बातम्या तिच्यातच येत. बडोदं, इंदूर, ग्वाल्हेर या गावांचा इतिहास शोधणाऱ्याला मुख्य अंकातल्या वेदान्तचर्चेपेक्षा ती चार पानं जास्त देतात. पुरवणीसकटचा फाटका अंक आणि पुरवणीविना कोरा अंक यांत मी डोळे मिटून फाटका घेईन.

पहिल्या महायुद्धाच्या काळातले इंग्लंडचे अंक बारीक आणि हलक्या कागदावरचे दिसले तर पानं गळाली असं लगेच ठरवू नका. तेव्हा कागदाची टंचाई होती. त्याच काळात घरोघरची तरुण मुलं रणांगणावर गेलेली, त्यामुळे परलोकविद्येचे वाचक मात्र वाढले. ऑलिव्हर लॉज यांच्यासारख्या नामांकित भौतिकशास्त्रज्ञाने १९१६ साली युद्धात मेलेल्या मुलाशी झालेल्या संवादांचं पुस्तक छापलं, ते याच दुःखातून. त्या वर्षांचे अंक वाचताना हे ध्यानात ठेवावं. त्यातली आईबापांची पत्रं वाचवत नाहीत.

हल्ली स्कॅनवरून छापलेल्या नकलाही जुन्या म्हणून विकल्या जातात. कागद पांढरा आणि एकसारखा, अक्षरांच्या कडा भिंगाखाली ठिपक्याठिपक्यांच्या, मूळ पानावरचा डाग काळ्या शाईत छापलेला, असं दिसलं की नक्कल ओळखावी. खऱ्या जुन्या अंकात छपाईच्या खिळ्यांचा, म्हणजे शिशाच्या अक्षरांचा, दाब पानाच्या मागच्या बाजूला बोटाला लागतो.

किंमत ठरवताना माझा क्रम असा: भारतात छापलेला अंक परदेशी अंकाच्या वर, मुखपृष्ठासकटचा मुखपृष्ठाविना अंकाच्या वर, आणि बडोद्यातल्या कुणा वाचकाचं नाव, शिक्का किंवा समासातल्या टिपा असलेला अंक या सगळ्यांच्या वर. बाजाराचा क्रम पुष्कळदा याच्या उलट असतो. आपल्या फायद्याचंच आहे ते.

नोंदवही

ज्या दिवशी अंक घरी आला त्याच दिवशी नोंद. मासिकाचं नाव, खंड, अंक, महिना आणि साल (छापील शक-संवत जसंच्या तसं, कंसात इसवी), पृष्ठं, मुखपृष्ठ आहे की नाही, पुरवणी, गहाळ पानं, मुद्रणालय, छापील किंमत, कुठून मिळाला, काय दिलं. थिऑसॉफिस्टच्या बाबतीत मुद्रणालयाचं नाव फार कामाचं. १९०८ पासून अड्यारला वसंता प्रेस उभा राहिला, तेव्हा त्या नावाचा तुकडा दिसला की अंक त्या सालाआधीचा नाही हे कळतं.

दुसरा भाग मालकीचा. नाव, शिक्का, टपालाचं लेबल, समासातल्या टिपा, पानांत सापडलेली पावती, वाळलेलं फूल, वर्तमानपत्राचं कात्रण, सगळं लिहा आणि ते कोणत्या पानांमध्ये होतं तेही लिहा. कात्रण काढून वेगळ्या पाकिटात ठेवा, कारण वर्तमानपत्राचा आम्लधर्मी कागद शेजारच्या पानावर तपकिरी सावली पाडतो. पाकिटावर अंक आणि पृष्ठ पेन्सिलीने लिहा. शाईचं पेन त्या खोलीत नसलेलंच बरं.

तिसरा भाग जाहिरातींचा. त्याचा कंटाळा येतो, पण सोडू नका. एकाच जाहिरातदाराचा पत्ता तीन वर्षांत कसा बदलला यावरून तारीख गेलेले अंक लावता येतात.

बडोद्याच्या हवेत कागद टिकवणं

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून कागद लाकडाच्या लगद्याचा होऊ लागला आणि त्याला तुरटी-राळेचं खळीकाम होऊ लागलं. त्यातून आम्ल तयार होतं आणि कागद आतूनच जळत जातो. हे थांबवता येत नाही, मंद करता येतं. उन्हाळ्यात इथे पारा बेचाळीसच्या वर जातो आणि जुलै-ऑगस्टात भिंती घाम धरतात. या चढउतारानेच कागद जास्त मरतो. आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास राहिली तर उत्तम. एक छोटा आर्द्रतामापक कपाटात ठेवा. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, चार बोटं सोडा.

तळमजल्यावर राहत असाल तर सगळ्यात खालचा कप्पा रिकामा ठेवा. २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्रीचं पाणी कुठवर आलं होतं हे बडोदेकरांना सांगायला नको. अंक भिजलेच तर उन्हात पसरू नका, इस्त्री फिरवू नका. दोन दिवसांत बुरशी धरते, त्याआधी एकेक अंक मेणकागदात गुंडाळून, प्लास्टिक पिशवीत घालून डीप फ्रीझरमध्ये टाका. गोठलेला कागद वाट बघू शकतो. नंतर एकेक काढून पंख्याखाली, टीपकागद बदलत वाळवा.

कसर आणि वाळवीसाठीही फ्रीझरच. घट्ट बंद केलेल्या पिशवीत उणे १८ अंशांना दोन आठवडे, आणि बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडायची नाही, नाहीतर थंड कागदावर दंव धरतं. डांबराच्या गोळ्या टाळा. त्यांची वाफ माणसाला वाईट, आणि कसर त्याने मरत नाही. वेखंड किंवा कडुलिंबाचा पाला कपाटात पुरचुंडीत ठेवायला हरकत नाही, पण पानांच्या मध्ये कधीही नको, डाग पडतात.

दुरुस्ती जितकी कमी तितकी चांगली. चिकटपट्टी अजिबात नाही, लॅमिनेशन तर नाहीच. फाटलेल्या पानाला पातळ जपानी टिश्यू आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ लावावी. आपले जुने बाइंडर खळीत मोरचूद घालतात, किडा लागू नये म्हणून. त्या तांब्याच्या क्षाराने कागद हिरवट होऊन तुटतो. बाइंडर कितीही जिवाभावाचा असला तरी त्याला स्पष्ट सांगा: 'काका, मोरचूद नको, पानं कापू नका, नवी जिल्द नको.' गंजलेली पिन काढायची तर पातळ प्लास्टिकची पट्टी पिनेखाली सरकवून, टोकं सरळ करून, आतल्या बाजूने. त्या जागी पिन परत मारू नका, सुती दोऱ्याने जुन्याच भोकांतून टाके घाला. सुटे अंक आम्लरहित कागदाच्या घडीत, मग पुठ्ठ्याच्या पेटीत, आडवे, आठ-दहाच्या वर नकोत.

स्कॅन आणि कायदा

अंक शंभर-एकशेवीस अंशांपेक्षा जास्त उघडू नका. दोन बाजूंना पुस्तकांचे टेकू, वरून मोबाइल किंवा कॅमेरा, कडेचा सूर्यप्रकाश बंद. मुखपृष्ठापासून मलपृष्ठापर्यंत प्रत्येक पान, कोरं पानसुद्धा. फाइलच्या नावात मासिक, साल, महिना, खंड, अंक याच क्रमाने, म्हणजे यादी आपोआप लागते. आयएपीएसओपीच्या संग्रहात तुमच्या मासिकाचे कोणते अंक नाहीत ते बघून तेवढेच आधी करा. तिथला भर इंग्रजी, फ्रेंच, जर्मन अशा भाषांवर आहे, त्यामुळे भारतीय छपाईचा प्रत्येक अंक त्यांच्या कामाचा असतो.

आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी लेखन मुक्त होतं, आणि निनावी किंवा टोपणनावाने छापलेलं लेखन प्रकाशनानंतर ६० वर्षांनी. बेझंट १९३३ साली वारल्या, थिऑसॉफीचे लेखक लेडबीटर १९३४ साली, शर्ली १९४६ साली. त्यांचं सगळं मोकळं आहे. मासिकात मात्र लेखक अनेक असतात. १९१० साली तिशीत असलेला लेखक १९७० पर्यंत जगला असेल तर त्याचा लेख अजून बांधलेला आहे. शंका असेल तो लेख वगळून बाकीचा अंक ठेवता येतो.

मासिकांच्या गठ्ठ्यात कधीकधी हाताने लिहिलेल्या वह्या निघतात: प्लँचेटच्या बैठकींची टिपणं, कोण आलं, कोणता आत्मा काय म्हणाला. त्यांत घरातली मरणं, भांडणं, बाळंतपणं, कर्जं सगळं असतं, आणि ज्यांच्याबद्दल आहे त्यांची नातवंडं गावातच राहतात. कुटुंबाच्या लेखी संमतीशिवाय अशा वहीतलं एक पानही इंटरनेटवर चढवू नये. शिवाय ७५ वर्षांहून जुनी, ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाची हस्तलिखितं १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येतात. परदेशातल्या कुणी चांगली किंमत देऊ केली तरी ती देशाबाहेर पाठवण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बडोदा मंडळात जाऊन विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.